विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता लिनक्स टाकू का? तासगावच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यातलं घर, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप, चार जीबी रॅम. ताई त्यावर एक्सेलमध्ये मजुरीचा, औषधांचा आणि कोल्ड स्टोरेजला ठेवलेल्या पेट्यांचा हिशेब ठेवतात. मुलगा बारावीचे व्हिडिओ बघतो, सासऱ्यांच्या पेन्शनची कागदपत्रंही त्यातच आहेत. आता स्क्रीनवर विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना येते. ओळखीचा दुकानदार म्हणतो, पाचशे रुपयांत विंडोज ११ आणि ऑफिसचं ‘फुल व्हर्जन’ मारून देतो. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाका, फुकट आहे आणि त्यात व्हायरस येत नाही. आणि सासरे विचारतात, ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्या जगाला दिसतो, तो चोराला दिसणार नाही का?

ताई, मी सांगलीत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तुमच्यासारखी घरं, अडत दुकानं, दवाखाने, पतसंस्था हेच माझं गिऱ्हाईक. सासऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती नीट सुटली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

बेदाण्याचा सौदा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिला आहे. नमुना उघडा ठेवलेला असतो. घेणारा मूठभर उचलतो, रंग बघतो, दाबून बघतो, देठ राहिलेत का बघतो आणि मग भाव बोलतो. सीलबंद पेटी पुढे करून ‘आत माल चांगलाच आहे’ असं कोणी म्हणालं, तर त्या मालाला कोण भाव देईल? ओपन सोर्स म्हणजे उघडा ठेवलेला माल. सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून तयार होतं, तो मजकूर कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, दुरुस्त करून पुढे देता येतो. चोरालाही तो वाचता येतो, हे खरं. पण कुलूप कसं बनवतात हे कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला माहीत असतं, म्हणून तुमचं दार उघडत नाही, कारण किल्ली तुमच्या कनवटीला असते. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये सांकेतिक लेखनाबद्दल हाच नियम मांडला: यंत्रणेची सगळी रचना शत्रूच्या हाती लागली तरी ती टिकली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली. आज तुमच्या बँकेची वेबसाइट ज्या पद्धतीने माहिती कुलूपबंद करते, ती पद्धत पूर्णपणे जाहीर आहे. ती जाहीर आहे म्हणूनच जगभरच्या गणितज्ञांनी ती फोडायचा प्रयत्न करून तिची ताकद पारखली आहे.

आता याची दुसरी बाजू. माल उघडा आहे म्हणजे कोणीतरी हात घालून पाहिलाच आहे, असं नव्हे. ओपनएसएसएल नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, जगातल्या असंख्य वेबसाइटींचं कुलूप त्यावर चालतं. २०१२ च्या आवृत्तीत त्यात एक चूक शिरली आणि एप्रिल २०१४ पर्यंत ती जाहीर झाली नाही. हार्टब्लीड नावाने ती गाजली. त्या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, पासवर्डसकट, बाहेरच्या माणसाला थोडा थोडा ओढून घेता येत होता. दोन वर्षं पोतं उघडं होतं आणि हात घालणारं कोणी नव्हतं. एवढं मोठं काम मूठभर माणसं करत होती आणि त्यांना वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. ही गोष्ट मला फार लागते. जग ज्यावर उभं आहे त्या खांबाला कोणी रंगही दिला नव्हता. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांना पैसे द्यायला सुरुवात केली.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट त्याहून विलक्षण आहे. एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये सगळीकडे असतं. ते सांभाळणारा एकटा, थकलेला माणूस. कोणीतरी टोपणनावाने त्याला मदत करायला आलं, दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने काम करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं, की आपल्या मशीनवर दुरून लॉगिन करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, कोड वाचत गेला आणि चोरदार उघडं पडलं. बहुतेक साध्या वापरकर्त्यांच्या लिनक्सपर्यंत ती आवृत्ती पोहोचलीच नव्हती, चाचणीच्या आवृत्त्यांतच ती पकडली गेली. सासऱ्यांना हे दोन्ही किस्से सांगा. चोर उघड्या कोडातही घुसू शकतो, पण कोड उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला शेवटपर्यंत मागोवा काढता आला.

बंद कोडाचंही पाहू. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांनाही रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते विंडोजमध्ये होतं आणि मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. बुडाले ते ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं.

म्हणून बावीस वर्षांनी माझं मत असं झालं आहे: घरगुती माणसाने कोड उघडा की बंद, हा प्रश्न दुसऱ्या नंबरला ठेवावा. पहिला प्रश्न असा, की हे सॉफ्टवेअर नेमकं कुठून आलं, आणि ज्याने बनवलं त्याच्याकडून दुरुस्त्या माझ्यापर्यंत पोहोचत राहतील का? ओपन सोर्सची खरी किंमत मला इथे दिसते. ते बनवणाऱ्याच्या दारातून, कायद्याने, पैसे नसतानाही घेता येतं. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून चोराच्या दारी जायची वेळ येत नाही.

आता त्या पाचशे रुपयांच्या ‘फुल व्हर्जन’बद्दल, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण माझ्या टेबलावर आलेली सगळ्यात वाईट प्रकरणं याच वाटेने आली.

लायसन्सचं कुलूप तोडण्यासाठी जी फाइल वापरतात तिला क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर म्हणतात. ती चालवण्याआधीच्या सूचना कधी वाचून बघा. पहिली सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. दुसरी: फाइलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. म्हणजे वॉचमनला घरी पाठवायचं, तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची आणि आपण चहाला जायचं. तो माणूस सांगितलेलं काम करतोही, ऑफिस चालू होतं. सोबत त्याने काय ठेवलं हे तेव्हा दिसत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप उचलून बाहेर पाठवणारे व्हायरस अशा ॲक्टिव्हेटरांच्या पोटातून पसरलेले सापडले आहेत. वर, क्रॅक उडू नये म्हणून विंडोजचे अपडेटही बंद करून ठेवतात. म्हणजे वॉनाक्रायमध्ये जे बुडाले त्यांच्या रांगेत तुम्हाला पैसे घेऊन उभं करतात.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने त्यांचा सीपीयू माझ्याकडे आणला. सकाळी चालू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: इतके डॉलर पाठवा, मग किल्ली देतो. तीन वर्षांचे उधारीचे हिशेब त्यात होते. बॅकअप आहे का विचारलं तर त्यांनी आशेने पेनड्राइव्ह काढला. तो कायम मशीनलाच लावलेला असायचा, त्यामुळे त्यातल्या फाइलींचीही तीच गत. दोन दिवसांपूर्वी त्यांच्या पोराने एक डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून घेतलं होतं. अशा काही जुन्या व्हायरसांच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या साइटवर फुकट मिळतात, युरोपच्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. तिथे शोधलं, या प्रकाराची किल्ली नव्हती. त्या माणसाने पुढचे कित्येक महिने गिऱ्हाइकांच्या वह्या मागून आणून स्वतःची वही पुन्हा लिहिली. काहींनी वह्या दिल्याच नाहीत. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, तेव्हा तो दहावीत होता.

तर ताई, त्या दुकानदाराशी भांडू नका, पण क्रॅक घेऊ नका.

मग तुमच्या मशीनचं काय करायचं? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, उद्याही पडणार नाही. फक्त नवीन भगदाडं सापडली तरी ती बुजवणारं कोणी नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट आहे: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. तुमचं २०१६ चं मशीन त्यात बसत नाही. अटी चुकवून विंडोज ११ घालता येतं, दुकानदार तेच करणार. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी बदल करायचा तेच हातात राहत नाही.

तुमचं आत्ताचं विंडोज १० ओरिजिनल असेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदत वाढवून दिली आहे. विंडोज अपडेटच्या पानावरच ‘एनरोल’चा पर्याय दिसतो, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ते फुकटही होतं. आधी हे करून घ्या, म्हणजे पुढचा निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही.

आणि तो पुढचा निर्णय म्हणून मी लिनक्स मिंट सुचवीन, लिनक्सचा घरगुती वापराला सोपा असा एक प्रकार. भाच्याचं बरोबर आहे, फक्त त्याचं कारण अर्धवट आहे. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना सुरू केलं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तेच आहे, त्यामुळे लिनक्स तुमच्या घरात आधीपासून आहे. त्यात व्हायरस ‘येत नाही’ असं नाही. डेस्कटॉपवर त्याचे वापरकर्ते कमी, म्हणून चोरांचं तिकडे लक्ष कमी, हे एक. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. मिंटमध्ये सॉफ्टवेअर हवं असेल तर गुगलवर शोधत फिरावं लागत नाही. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा, नाव टाकायचं, घ्यायचं. ते मिंटच्या कोठारातून सही-शिक्क्यासह येतं, सही जुळली नाही तर सांगतं, आणि त्या सगळ्याचे अपडेट एकाच जागेवरून मिळतात. ‘कुठून आलं’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आपोआप मिळतं. मिंटच्या २२ नंबरच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. चार जीबी रॅमवर त्यातली ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती घ्या. जमलं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क बसवा, तेवढ्या एका बदलाने मशीन नव्यासारखं वाटेल.

आणि लगेच काही पुसू नका. भाच्याला सांगा, मिंट आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरव आणि त्यावरूनच मशीन चालू कर. डिस्कला हात न लावता मिंट चालतं. थोडं हळू चालेल, पण चार-पाच दिवस वापरून तुमची एक्सेलची फाइल उघडते का, वायफाय लागतं का, आवाज येतो का, सगळं पाहून घ्या. डाउनलोड झाल्यावर एक पडताळणी मात्र त्याच्याकडून करून घ्याच. मिंटच्या साइटवर प्रत्येक फाइलचा चौसष्ट अक्षरी ठसा दिलेला असतो, उतरवलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळवून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. याला कारण आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्याच साइटमध्ये घुसून कोणीतरी डाउनलोडची लिंक बदलली होती आणि काही तास लोकांना चोरदार असलेली फाइल मिळत होती. मिंटच्या लोकांनी ते लपवलं नाही, दुसऱ्याच दिवशी जाहीर सांगितलं. अशा बदललेल्या फाइलचा ठसा मिंटच्या खऱ्या ठशाशी जुळत नाही.

लिनक्सवर काय अडेल तेही आत्ताच सांगतो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तिथे डोकेदुखी होते. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार रडवतात, काही लावताक्षणी चालतात. आणि जुन्या मराठी फाइली. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच वाचता येणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ही अडचण विंडोजवरही आहेच, पण बदल करताना ती नेमकी समोर येते. सासऱ्यांची जुनी पत्रं तशी असतील तर ती आधी पीडीएफ करून ठेवा. नवीन सगळं युनिकोडमध्ये टाइप करा, मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे.

एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस या फुकट, ओपन सोर्स ऑफिसमधलं कॅल्क. ते विंडोजवरही चालतं, म्हणून माझा आग्रह असा की लिनक्स टाकायच्या आधी महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस वापरा. हाताला सवय झाली की बाकीचा बदल जाणवत नाही. बेरजा, फिल्टर, पेट्यांचे ग्रेडवार तक्ते हे सगळं नीट होतं. फाइलमध्ये कोणी मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, लिहून दिले असतील तर ते चालतीलच असं नाही. एक गोष्ट सगळ्यांना अडवते, म्हणून लिहितो. मराठी मजकुराचा फॉन्ट बदलत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा नेमावा लागतो. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करून मराठी निवडा. मग अक्षराच्या खिडकीत मराठीसाठी वेगळा कप्पा दिसतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट घ्या, दोन्ही ओपन सोर्स आहेत आणि जोडाक्षरं सुंदर दिसतात.

तुम्ही विंडोजवरच राहिलात तरी ओपन सोर्स तुमच्या कामाचं आहेच. फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोडसॉफ्टवेअर घ्या. जाहिरातींचा त्रास वाचतो म्हणून नव्हे, तर फसवणुकीची एक मोठी वाट जाहिरातीतूनच येते म्हणून. गुगलवर सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की सगळ्यात वर जाहिरात येते आणि ती खोट्या साइटची असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची अशी खोटी जाहिरात सापडली. पत्ता हुबेहूब तोच, फक्त इंग्रजी ‘के’ अक्षराखाली एक बारीक शेपटी होती. स्क्रीनवर धुळीचा कण वाटावी एवढी. म्हणून व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर हवं तर पत्त्याच्या पट्टीत स्वतः व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग असं टाइप करायचं, लिब्रेऑफिससाठी लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग. बँकेचा किंवा कुरिअरचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधण्याबद्दलही हेच. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच नंबर.

वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज घरगुती विंडोजला मला दिसत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर आहे, तो चालू आणि अपडेटेड ठेवा.

बॅकअपबद्दल लिहिताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरल्यावर माझ्या दारात चिखलाने भरलेल्या सीपीयूंची रांग लागली. लोक टीव्ही, फ्रिज सोडून सीपीयू घेऊन आले होते, कारण त्यात हिशेब होते, लेकीच्या लग्नाचे फोटो होते, गेलेल्या माणसाचा एकुलता एक व्हिडिओ होता. खूप जणांनी मशीन उन्हात वाळवून आधी घरीच चालू करून पाहिलं होतं, आणि तिथेच घात झाला. हार्ड डिस्कच्या आतली तबकडी फिरते, तिच्यावर चिखलाचा एक कण असला तरी पृष्ठभाग खरवडून निघतो. भिजलेल्या डिस्कला वीज लावू नका, डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत तशीच द्या. त्या वर्षी वाचले ते ज्यांची एक प्रत दुसऱ्या गावी होती. कोणाची पुण्यात मुलाकडे, कोणाची विट्याला बहिणीकडे. त्यातल्या कित्येकांनी ती प्रत बॅकअप म्हणून ठेवलेलीही नव्हती, सहज राहिली होती.

तुमच्यासाठी सोपी पद्धत अशी. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक घरी, पण मशीनला कायम लावलेली नाही. महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. मघाशी सांगितलेला व्यापारी याच चुकीने बुडाला. दुसरी माहेरी. सणाला जाल तेव्हा ती घेऊन यायची आणि ताजी प्रत तिकडे न्यायची. बेदाण्याचा हंगाम संपला की पूर्ण वर्षाचा हिशेब कागदावर छापूनही ठेवा.

आता फोन, कारण पैसे चोरीला जातात ते हल्ली कॉम्प्युटरपेक्षा फोनवरून. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाही, पण न सांगता उत्तर पुरं होणार नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहनाच्या चलनाची पावती येते, शेतकरी योजनेची यादी येते. बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्यांचा फोन आधी हातचा गेलेला असतो. फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ करण्याची परवानगी व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला बंद करून ठेवा, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर, सगळ्यात आधी सासऱ्यांच्या. ओपन सोर्स ॲपचं एफ-ड्रॉइड नावाचं चांगलं कोठार आहे, मी स्वतः वापरतो, पण त्यासाठी हीच परवानगी उघडावी लागते, म्हणून घरगुती माणसाला मी ते सांगत नाही. प्ले स्टोअर पुरे.

कोणी फोन करून ‘स्क्रीन दाखवणारं ॲप घ्या, मी मदत करतो’ म्हणालं तर फोन ठेवा. अशा ॲपांत काही ओपन सोर्सही आहेत आणि मी गिऱ्हाइकांची मशीनं दुरून दुरुस्त करायला तीच वापरतो. चोराच्या हातात तेच चोरीचं साधन होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे सासऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगा. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन करा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर मधल्या खात्यात गोठवता येतात. ‘पोरगा रागावेल’ म्हणून तीन दिवस घरात न सांगितलेली वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत. तेवढ्यात पैसे हातचे गेले.

पासवर्डसाठी कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, फोनवर बिटवॉर्डन, दोन्ही ओपन सोर्स. पण जमत नसेल तर वहीत लिहा आणि ती वही दागिन्यांच्या कपाटात ठेवा. घरगुती माणसाचा धोका इंटरनेटवरून येतो, इंटरनेटवरचा चोर तुमचं कपाट उघडत नाही. ईमेलचा पासवर्ड मात्र इतर कशालाही वापरू नका आणि त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावा, कारण बाकी सगळे पासवर्ड विसरल्यावर नवे त्याच ईमेलवर येतात.

सासूबाईंनी विचारलं होतं, हे सगळं फुकट देणाऱ्याला काय मिळतं? लिनक्सवर काम करणारे पुष्कळ जण कंपन्यांचे पगारी इंजिनिअर असतात, कारण त्या कंपन्यांचा धंदा लिनक्सवर चालतो. लिब्रेऑफिस २०१० पासून जर्मनीत मुख्यालय असलेली एक संस्था देणग्यांवर चालवते. व्हीएलसीच्या मागे फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात, कारण एकेका मशीनचं लायसन्स घ्यावं लागत नाही आणि मल्याळममध्ये हवे ते बदल करून घेता येतात. मराठीसाठीही असं काम करणारी माणसं आहेत. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत दिसतात ते कोणीतरी बसून भाषांतर केले म्हणून. मुलगा बारावीनंतर मोकळा असेल तेव्हा त्याला हे दाखवा. एखादा चुकलेला शब्द दुरुस्त करून पाठवला आणि तो पुढच्या आवृत्तीत दिसला, की तुमच्या घरातल्या पोराचंही त्यात एक पान लागेल.

मला तुमच्या प्रिंटरचं मॉडेल कळवा, पुढच्या बाजूला किंवा झाकणाखाली लिहिलेलं असतं. आणि टॅली किंवा डिजिटल सही घरात कोणी वापरतं का, तेही. वापरत नसाल तर मिंट करा. वापरत असाल तर तेवढ्यासाठी विंडोज त्याच मशीनमध्ये शेजारी ठेवता येतं, डिस्कचे दोन भाग करून. ते काम मात्र भाच्याने पहिल्यांदा एकट्याने करू नये, बॅकअप घेऊन मशीन इकडे आणा.